मुरमावरची ऋषीपंचमी

आमच्या वाशीच्या घरामागे जमीन होती असं म्हणणं ही जमिनीची थट्टा झाली. एक्याऐंशी साली दादरची भाड्याची खोली सोडून आम्ही तिथं राहायला आलो, तेव्हा कागदावर ‘मागील अंगण’ हे दोन शब्द वाचून मी इतकी हरखले होते, की मनातल्या मनात जाईचा वेल गच्चीपर्यंत चढवून मोकळी झाले. प्रत्यक्षात खाली खाडीचा चिखल, त्यावर कुठल्याशा फोडलेल्या डोंगराचा मुरूम, आणि मुरमावर आमचं बैठं घर. पावसाळा सरला की त्या मुरमातून मीठ वर येई आणि अंगणावर पांढरा थर धरे. जाई मेली. गुलाब मेला. कढीपत्त्याने तर पंधरवडाही काढला नाही. मग मी कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधल्या आणि बागेचा विषय संपवला.

तो विषय पुन्हा काढला विमल वन्संनी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, मधुकरची, थोरली बहीण. त्यांचं लग्न चिपळूणजवळच्या एका गावात झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उभं आयुष्य दिरांच्या घरी चुलीपुढे गेलं. दिरांना सुना आल्यावर चूलही गेली, तेव्हा मधुकर जाऊन त्यांना घेऊन आला. मला आधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे माझा पारा चढलेलाच होता. पण त्या बाईशी भांडण करायचं तरी कसं? सकाळी मी मुंबईच्या बसला धावायच्या आत डबा तयार, संध्याकाळी परत यावं तर दिवा लागलेला. आणि एवढं करून स्वतःसाठी चहा टाकायचा तर मला विचारत, “सुमेधा, अर्धा कप घेऊ गो?”

“वन्सं, चहासाठी काय विचारायचं?” असं मी रोज ओरडे. त्या रोज विचारत.

मग ऋषीपंचमी आली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बायका हा उपास करतात, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काहीही पोटात जाऊ द्यायचं नसतं. नांगर न लागलेलं, आपल्या हातांनी लावलेलं तेवढंच खायचं. आता वाशीत आपल्या हातांनी काय लावणार, डोंबल? मी मार्केटमधून तयार वाटा आणला. अळू, माठ, भेंडी, भोपळ्याची फोड, मक्याचं कणीस. भाजीवालीने बैलाची सावलीसुद्धा पडली नसल्याची शपथ घेतली. मी भाजी करून वन्संच्या पुढे पान ठेवलं.

“ही कुणी लावली?” त्यांनी विचारलं.

“बाजारातनं आणली. पण नांगर नाही लागलेला. विचारून आणलीय.”

त्यांनी पानाला नमस्कार केला आणि ते हलकेच बाजूला सारलं. दिवसभर पाण्यावर राहिल्या. संध्याकाळी मोरीतून येताना भोवळ येऊन खाली बसल्या, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना सरबत पाजता पाजता फाडफाड बोलत सुटले. हा उपास कशासाठी सांगितलाय ते माहीत आहे का तुम्हाला? बाईचा विटाळ हा बाईचाच दोष, त्याचं हे प्रायश्चित्त! आणि त्यासाठी तुम्ही जीव देणार?

वन्संनी सरबत संपवलं. पेला खाली ठेवला.

“मी ऋषींसाठी नाही करत गो,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधी बाबांचं खाल्लं. मग ह्यांचं. मग दिरांचं. आता मधूचं आणि तुझं खाते. पण तिकडे परसात हातभर जागा होती माझी. तिथे मी चार पालेभाज्या लावायची, आणि वर्षातून एक दिवस स्वतःचं जेवायची. त्या एका दिवशी मी कुणाची मिंधी नसायची.”

त्या शांतपणे पुढे बोलल्या.

“पुढल्या पंचमीला मी तिकडेच जाईन म्हणते. आणि राहीन तिथेच. मधूला तू समजाव.”

तिकडे त्यांच्या वाटणीला काय येणार ते मला पुरतं ठाऊक होतं. मागच्या पडवीतली खाट आणि सुनांची तोंडं. जिथून मधुकरने त्यांना रडत रडत आणलं, तिथे त्या हातभर जागेसाठी परत जायला निघाल्या होत्या. आणि नुसती दया म्हणून नाही, खरंच सांगते, मला त्या हव्या होत्या. दिवा लागलेल्या घरात परत येण्याची मला सवय झाली होती.

“हातभर जागा तर इथेही आहे,” मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. “लावा तिथं.”

त्या उठल्या, अंगणात गेल्या, पायाच्या अंगठ्याने मुरूम उकरून पाहिला. अंगठाच सोलला.

“ह्याला आधी माती लागेल,” त्या म्हणाल्या.

मधुकरला हुरूप आला. जवळच्या तळवली गावाहून गाडीभर शेणखत मागवू म्हणाला. वन्संनी मान हलवली. शेणखत गोठ्यातलं, गोठ्यात बैल असणार, म्हणजे खतही बैलाचंच. ते चालायचं नाही. बरं, विकतची माती? ती कुणाच्या तरी नांगरलेल्या शेतातली. तीही नाही. मग राहिलं काय? वन्संनी स्वयंपाकघरातल्या सुपाकडे पाहिलं. त्यात दुधीची सालं होती, कोथिंबिरीच्या काड्या, वालाची टरफलं आणि सकाळच्या चहाचा चोथा.

“हे आपण रोज फेकतो,” त्या म्हणाल्या. “ह्याचीच करू.”

“वन्सं, ही सालंही बैलाच्याच शेतातली की!” मला चिडवायची संधी सोडवेना.

त्या जराही गडबडल्या नाहीत. “कुजल्यावर कुणाचं काही उरत नाही,” म्हणाल्या.

मधुकरने पहार आणली आणि रविवारभर घाम गाळून मुरमात खड्डा खणला. पहारीच्या ठिणग्या उडत होत्या. तळवलीची गोजरा आमच्याकडे मासळी घेऊन यायची, ती पाटी उतरवून बघत उभी राहिली. ही सगळी जमीन कॉलनी व्हायच्या आधी तिच्या गावच्यांचीच.

“बाय, हितं काय बी येनार नाय,” ती म्हणाली. “आमचा भात व्हता हितं, माज्या सासऱ्याचा. मंग यांनी वरून डोंगर वतला. आता डोंगराखाली शेत कसा गावंल?”

“करून तर बघू,” वन्सं म्हणाल्या.

“कोलंबीची टरफलं देते, ती पुरा. जोर येतंय मातीला.”

“ऋषींच्या पानात कोलंबी?” वन्संनी कानांवर हात ठेवले, आणि गोजरा खो खो हसत सुटली.

गोजराचं म्हणणं खरं होतं असंच पहिले दोन महिने वाटलं. खड्ड्यात आम्ही सालं टाकली, कोबीचा पाला टाकला, देवाचं निर्माल्य टाकलं, उष्टं-खरकटंसुद्धा टाकलं. मुरूम पाणी शोषेना. घरातली सगळी घाण हंड्यात साठवून ठेवावी तसा तो खड्डा आंबला. काळं पाणी, माशा, वळवळणाऱ्या अळ्या, आणि वास असा की पलीकडचे दिनानाथराव नाकाला रुमाल लावूनच आमच्या दारात आले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

“वहिनी, हे काय टेन्शन आहे?” ते म्हणाले. “आम्ही मुंबईचा उकिरडा सोडून इकडे आलो ते तुमचा उकिरडा हुंगायला का?”

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग ते खरं बोलत होते म्हणून आला. मी त्या रात्री मधुकरला म्हटलं, बुजवून टाक तो खड्डा. पण सकाळी बघते तर वन्सं साडीचा काचा मारून, नाकाला पदर बांधून, तो सगळा गाळ घमेल्याने बाहेर काढत होत्या. बाहेर उघड्यावर, मुरमाच्या वर, त्यांनी त्याचा ढीग केला.

“कोंडलं होतं बिचारं,” त्या म्हणाल्या. “जीव गुदमरला की वास येणारच.”

नव्या कॉलनीत घरोघर सुतार बसलेले. कुणाचं कपाट, कुणाची शोकेस. वन्संनी दारोदार जाऊन लाकडाचा भुसा गोळा केला, मैदानावरचं वाळकं गवत आणलं, नारळाच्या शेंड्या पिंजल्या. ओल्याचा एक थर, सुक्याचा एक थर. चार-आठ दिवसांनी खालचं वर, वरचं खाली. भुसा मागायला त्या दिनानाथरावांकडेही गेल्या. अर्धा कप चहाही विचारून घेणारी ही बाई भुसा मात्र हक्काने मागत होती. वास हळूहळू गेला. मग माशा गेल्या. दिनानाथराव रुमालाशिवाय आले आणि काही न बोलता परत गेले.

थंडीतली ती सकाळ मला कालच्यासारखी आठवते. खाडीवरून धुकं आलं होतं, मी बससाठी निघत होते, आणि वन्संनी मागून हाक मारली. आवाज असा की मला वाटलं पडल्याच. धावत गेले. त्या ढिगापाशी दोन्ही हात पुढे करून उभ्या होत्या. ढिगातून वाफ निघत होती. आग नाही, धूर नाही, पण दुधाच्या पातेल्यातून यावी तशी वाफ.

“हात घाल,” त्या म्हणाल्या.

मी घातला आणि चटकन काढला. आत चटका बसण्याइतकं गरम होतं.

“ताप आलाय ह्याला,” वन्सं कुजबुजल्या. मोठ्याने बोललं तर जागं होईल असं काहीतरी तिथं झोपलं होतं जणू.

मी दुधीची सालं टाकली होती. चहाचा चोथा टाकला होता. मेलेली, शिळी, नकोशी झालेली वस्तू अशी एकटीच, कुणी न पेटवता, तापत कशी राहते? मी शाळेत विज्ञान शिकले होते. त्यातलं सगळं आठवूनही माझ्या अंगावर काटा आला. आम्ही दोघी त्या कचऱ्यावर हात शेकत उभ्या राहिलो. माझी बस चुकली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

होळीपर्यंत ढीग निवला. कंबरेएवढा होता तो गुडघ्याखाली आला. एवढ्या दिवसांचं आमचं जेवणखाण कुठं गेलं, कळेना. एका संध्याकाळी वन्संनी तो खुरप्याने उघडला. मी वाकून साल शोधत होते. एकही नव्हतं. दुधी कुठला, कोबी कुठला, देवाचा झेंडू कुठला, काही ओळखू येत नव्हतं. नुसती काळी, भुसभुशीत माती. मूठभर उचलली तर बोटांमधून सुटसुटीत सांडली. आणि तिच्यात गांडुळं होती! खाली खारट मुरूम, चारी बाजूंना सिमेंट, वर उन्हं. आली कुठून? कुणी सांगितलं त्यांना? मधुकर म्हणाला, गवताबरोबर आली असतील. असतील. मला ते उत्तर पटलं, पुरलं मात्र नाही.

त्या दिवशी गोजरा आली तेव्हा वन्संनी तिच्या हातावर ती माती ठेवली. गोजराने ती चिमटीत चुरडली, नाकाशी नेली आणि तशीच थांबली. एरवी हिचं तोंड एक मिनिट गप्प बसायचं नाही.

“आमचे शेताचा वास हाय,” ती म्हणाली. “भात लावाया जायचो तवा यायचा. तोच हाय गो बाय.” आणि तिने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या खेपेला तिने मासळीच्या पाटीत वेगळं बांधून अळवाचे कांदे आणले. वन्संनी विचारलंच, बैल लागला का? “माज्या परसातला हाय, म्या हातानं लावलेला,” ती म्हणाली, तेव्हा कुठे ते आत आले. विटांचे तुकडे रचून वन्संनी मुरमावर वाफे केले, काळी माती पसरली, आणि पावसाच्या तोंडावर सगळं लावलं. माठ, भेंडी, कडेला अळू. लाल भोपळा तर त्यांनी लावलाच नव्हता. फेकलेल्या बीतून तो आपला आपणच आला आणि माझ्या कपड्यांच्या दोऱ्यांवर चढून बसला. ज्या जागेवर कढीपत्ता जगला नव्हता तिथं श्रावणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी कामावरून येऊन आधी चप्पल काढायची ती मागच्या दारात. माठाच्या लाल पानातून उन्हं आरपार दिसायची आणि मी खुळ्यासारखी बघत राहायची. दिनानाथरावांच्या सौभाग्यवती त्यांच्याकडची सालं डब्यातून आणून द्यायला लागल्या. वन्सं पंचमीचे दिवस मोजत होत्या. तिकडे जाण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं, पण नाही जाणार असंही म्हटलं नव्हतं. मीही विचारलं नाही. विचारायची मला भीती वाटत होती.

आणि हरतालिकेच्या सकाळी रॉकेलवाला आला.

गणपतीच्या तोंडावर रॉकेल आलं म्हणजे सगळी कॉलनी डबे घेऊन धावणार. त्या गर्दीत त्याने टाकीच्या गाडीचा बैल सोडला आणि नीट न बांधता तसाच ठेवला. मी रांगेत होते. वन्संची हाक आली नाही, पण मागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पोचते तर आमच्या काटक्यांच्या कुंपणात भगदाड, आणि वाफ्यांत मधोमध तो पांढरा, हाडं निघालेला, खांद्यावर जू लागून कातडं सोललेला बैल. माठ संपला होता. भेंडी मुळासकट उपटलेली. भोपळ्याचा वेल त्याने दोरीसह खाली ओढला होता आणि डोळे मिटून चघळत होता. बैलाशिवाय पिकवलेली आमची भाजी, आणि ती खायला आला कोण तर बैल!

मी किंचाळले. पंचमी परवावर आली होती. माझ्या डोळ्यांपुढे चिपळूणची एस.टी. उभी राहिली. रॉकेलवाला धावत आला, शिव्या हासडत त्याने काठी उगारली. “हाण!” मीच ओरडले. “चांगला हाण त्याला!”

ती काठी वन्संनी वरच्या वर धरली.

“मारायचं नाही,” त्या म्हणाल्या. एवढ्या ठाम आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “खाऊ दे त्याला.”

“वन्सं, अहो तुमची पंचमी—”

“जन्मभर ह्याच्या कष्टाचं खाल्लं आपण. आज तो माझ्या कष्टाचं खातोय.” त्या बैलाजवळ गेल्या. तुटून पडलेला भोपळ्याचा वेल उचलून त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने वास घेतला आणि खाल्ला. वन्संचा हात त्याच्या सोललेल्या खांद्याच्या बाजूने, जखमेला न लावता, फिरत होता. “सुमेधा, मी आयुष्यभर वाढलं. पण सगळं दुसऱ्यांचं. माझं म्हणून आज पहिल्यांदा कुणाला वाढतेय.”

रॉकेलवाल्याची काठी खाली आली. मी तिथंच मुरमावर बसले. त्या कचऱ्याच्या ढिगावर हात शेकताना जे वाटलं होतं तेच मला पुन्हा वाटलं, फक्त या वेळी ते माझ्या वन्संकडे बघून वाटत होतं. या बाईला मी अर्धा कप चहावरून ओळखत होते!

बैल निघून गेल्यावर आम्ही वाफ्यांकडे पाहिलं. कडेचं अळू जसंच्या तसं उभं होतं. एका पानाला त्याने तोंड लावलेलं दिसत होतं, पण लगेच सोडलेलं.

“घसा खाजला असेल मेल्याचा,” वन्सं म्हणाल्या, आणि मी हसता हसता रडायला लागले.

पंचमीच्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून अळू उपटलं. पहारीच्या ठिणग्या उडाल्या होत्या तिथेच वन्संचा हात मनगटापर्यंत मातीत गेला. नुसता हात. बाहेर आला तो अळकुड्यांनी भरलेला, काळी माती लागलेला. वन्संनी खायच्या तेवढ्या पाण्यात धुतल्या, पानं चिरली, देठ सोलले. चिंचेचा कोळ घातला. चिंचेला कुठला आलाय बैल! दुसरी भाजी नाही, कणीस नाही, काही नाही. एवढंच पान त्यांनी वाढून घेतलं. मी समोर बसून त्यांचा प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होते. त्या सावकाश, एकेक घास चघळत जेवल्या, आणि ताटलीत काही उरू दिलं नाही.

जेवून झाल्यावर त्या उठल्या. सगळ्यांत टपोऱ्या अळकुड्या त्यांनी शिजवायच्या आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्यांचे त्यांनी दोन वाटे केले.

“हा गोजराला दे,” त्या म्हणाल्या.

“आणि हा?”

“हे पुढल्या वर्षाचं बेणं. कोरड्या जागी ठेव, भिजवू नको.” मग हातावरची माती झटकत त्यांनी चुलीकडे पाहिलं. “मी चहा टाकते गो. तुला अर्धा कप देऊ?”